जाड झालेल्या लाल जन्मखुणेवर लेझर : नऊ सिटिंगनंतरचा अभिप्राय

उजव्या गालावरची माझी जन्मखूण चाळिशीपर्यंत केवळ रंगाची बाब होती. त्यानंतर ती रोजच्या दाढीची बाब झाली. नाकपुडीशेजारी उगवलेल्या दोन गाठींवर रेझर अडखळत असे, एखाद्या गाठीचे टोक खरचटत असे, आणि मग दहा-पंधरा मिनिटे कापूस दाबून आरशासमोर उभे राहावे लागत असे. ज्या उपचाराविषयी मी येथे लिहीत आहे, तो मी हे रक्त थांबावे आणि गालाला आलेली जाडी उतरावी एवढ्यासाठी घेतला. डाग पुसला जावा ही अपेक्षा मी आधीच सोडली होती. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण या लेझरबद्दल लोक जे समाधान किंवा जी निराशा व्यक्त करतात, ती बहुतेक वेळा ते काय मागायला गेले होते यावर अवलंबून असते. दोन वर्षे आणि नऊ सिटिंग झाल्यावर माझा कौल असा आहे की, जाडी, गाठी आणि रक्तस्राव यांसाठी हा उपचार खरोखर गुणकारी आहे, रंगासाठी अर्धामुर्धा आहे, आणि ओठासाठी फारसा उपयोगाचा नाही. मात्र हे सर्व योग्य यंत्र योग्य हातात असेल तरच.

ज्यांना या खुणेची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. डॉक्टर तिला पोर्ट-वाईन स्टेन म्हणतात आणि दर हजार नवजात बाळांपैकी साधारण तिघांच्या अंगावर ती असते. जन्मानंतर काही आठवड्यांत उगवणारी, काही महिने फुगणारी आणि पुढे काही वर्षांत आपोआप विरत जाणारी लालबुंद गाठ असते, ती हेमँजिओमा. तिचा आणि हिचा संबंध नाही. पोर्ट-वाईन स्टेन जन्मापासून असते, मुलाच्या अंगाबरोबर त्याच प्रमाणात वाढते आणि आपोआप जात नाही. त्वचेतल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या मुळातच रुंद घडलेल्या असतात. त्यांच्याभोवतीचे मज्जातंतूंचे जाळे विरळ असल्यामुळे त्यांना आकुंचन पावण्याचा निरोप नीट पोचत नाही, आणि वर्षानुवर्षे वाहणाऱ्या रक्ताच्या दाबाने त्या आणखी रुंदावत जातात. २०१३ साली असे सिद्ध झाले की, यांपैकी बहुतेक खुणांच्या मुळाशी जीएनएक्यू या जनुकातला एक बदल असतो. तो गर्भाची वाढ होत असताना एखाद्या पेशीत घडतो. आईवडिलांकडून येत नाही, मुलांना जात नाही, आणि गरोदरपणात आईने काय केले किंवा काय टाळले याच्याशी त्याचा काहीही संबंध नसतो. माझ्या आईला हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला मिळाले तेव्हा तिचे वय सत्तरीच्या पुढे होते. एवढी वर्षे ती मनात काय घेऊन वावरत होती, हे मला त्या दिवशी कळले.

लहानपणी माझी खूण गुलाबी होती, शाळा संपेपर्यंत लाल झाली आणि पस्तिशीनंतर तिच्यात जांभळट छटा आली. रंग गडद होणे हा जाडीचा पहिला निरोप असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हते. पुढे गालाची त्वचा बोटाला भरीव लागू लागली, तिच्यावर बारीक उंचवटे आले, त्यांतल्या काहींच्या गाठी झाल्या आणि वरच्या ओठाचा उजवा भाग एवढा वाढला की तोंड मिटले तरी त्या बाजूला फट राहू लागली. त्याच बाजूच्या हिरड्या सुजऱ्या झाल्या आणि दात घासताना रक्त येऊ लागले. उपचार न झालेल्या खुणांपैकी सुमारे दोन-तृतीयांश खुणा पन्नाशीपर्यंत जाड किंवा गाठाळ होतात, हे या विषयात वारंवार सांगितले जाणारे निरीक्षण आहे. चेहऱ्यावरच्या खुणा, आणि त्यातही गाल व वरचा ओठ, यांत आघाडीवर असतात. ज्यांची खूण अजून सपाट आहे त्यांनी हे वाचून घाबरून जाऊ नये, पण रंग बदलत असेल तर ‘जन्मापासूनच आहे, काय व्हायचे’ असे म्हणून गप्पही बसू नये. मी बसलो होतो.

अगदी गप्प नव्हे. सव्विसाव्या वर्षी मी डाय लेझरची, म्हणजे सपाट खुणांसाठी वापरल्या जाणाऱ्या पिवळ्या प्रकाशाच्या लेझरची, आठ सिटिंग घेतली होती. त्या वेळी गाल सपाट होता आणि खूण चांगली फिकट झाली होती. ती परत गडद होऊ शकते, हे मला कोणी सांगितले नाही. किंवा सांगितले असेल तर ते माझ्यापर्यंत पोचेल अशा रीतीने सांगितले नाही. दहा-बारा वर्षांत रंग हळूहळू परतला. डाय लेझरनंतर सुमारे दहा वर्षांनी तपासलेल्या रुग्णांच्या खुणा उपचार संपला त्या वेळेपेक्षा पुन्हा गडद झालेल्या दिसल्या, तरी मूळ खुणेपेक्षा त्या फिकटच होत्या, असा अभ्यास २००७ साली एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो मी पुष्कळ उशिरा वाचला. उपचार फसला असे त्यावरून म्हणता येत नाही. ज्या वाहिन्या वाचल्या त्या रुंदावत राहतात आणि काही नव्याने तयारही होतात, म्हणून काही वर्षांनी पुन्हा यावे लागते, एवढाच त्याचा अर्थ. एवढी एक गोष्ट त्या वेळी कळली असती, तर अधूनमधून सिटिंग घेत राहिलो असतो आणि आजची जाडी कदाचित एवढी झाली नसती.

दुसरा अनुभव मात्र वाईट होता आणि तो लिहिल्याशिवाय हा अभिप्राय प्रामाणिक होणार नाही. गाठी दिसू लागल्यावर मी एका ठिकाणी गेलो. तेथे एकच यंत्र होते, आणि त्या एका यंत्राने चेहऱ्यावरचे सगळेच बरे करतो असे सांगितले जात होते. १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे एनडी-याग जातीचा लेझर होता. टेस्ट पॅच, म्हणजे आधी लहानशा जागेवर करून पाहायची चाचणी, घेतला नाही. एकाच जागी पल्सवर पल्स, म्हणजे प्रकाशाचे क्षणिक झोत, पडत होते आणि त्वचा पांढरट-राखाडी झाली तरी हात थांबला नाही. दुसऱ्या दिवशी जबड्याच्या कोपऱ्यापाशी फोड आला, त्याची जाड खपली झाली आणि ती पडल्यावर जो खोलगट वण राहिला तो आजही आहे. त्या जागेचे नाव लिहिण्यात मला स्वारस्य नाही. ते यंत्रही वाईट नाही. पुढे त्याच जातीच्या लेझरने माझ्या एका गाठीवर उत्तम काम केले. मात्र खोलवर जाणाऱ्या या प्रकाशात पुरेशी मात्रा आणि भाजणारी मात्रा यांत फार थोडे अंतर असते, आणि ते अंतर ओळखण्याचा सराव असल्याशिवाय कोणी ते हातात घेऊ नये.

यानंतर दोन वर्षे मी कोठेच गेलो नाही. सध्याच्या ठिकाणी गेलो तेही एका गाठीतून रक्त थांबेना म्हणून. ती गाठ पंधरा दिवसांत अचानक वाढली होती, मऊ, ओलसर आणि गडद लाल होती. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी लेझरचे नावही काढले नाही. अशा खुणेवर पायोजेनिक ग्रॅन्युलोमा नावाची रक्ताळ गाठ येऊ शकते. ती कापून तपासणीला पाठवली पाहिजे, न तपासता तिच्यावर प्रकाश सोडायचा नाही, असे त्यांनी सांगितले आणि तसेच केले. त्याच वेळी माझा त्यांच्यावर विश्वास बसला. मग त्यांनी काचेची पट्टी दाबून कोणता भाग फिकट होतो आणि कोणता होत नाही ते पाहिले, ओठ उलटून आतली बाजू व हिरड्या तपासल्या, आणि डोळ्याचा दाब कधी मोजला आहे का, लहानपणी कधी झटके आले होते का, असे विचारले. कपाळ आणि वरची पापणी व्यापणाऱ्या खुणेबरोबर स्टर्ज-वेबर हा विकार असू शकतो, त्यात मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्या आणि डोळ्याचा दाब यांचा प्रश्न येतो. माझी खूण पापणीच्या खालीच थांबते, तरीही त्यांनी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. हिरड्यांसाठी दंतवैद्याकडे जायला सांगितले, कारण तोंडाच्या आतला भाग लेझरच्या सिटिंगने सांभाळला जाणार नव्हता.

या भेटीत त्यांनी एक वाक्य स्वच्छ सांगितले. ‘गाल सपाट होण्याची चांगली शक्यता आहे. रंग निम्म्याने उतरला तर मी समाधानी असेन. खूण संपूर्ण जाईल असे मी म्हणणार नाही. पूर्ण स्वच्छ होणाऱ्या खुणा सपाट प्रकारातही थोड्याच असतात, मग जाड प्रकारात ती आशा धरणे व्यर्थ आहे.’ पैसे घेण्यापूर्वी हे सांगणारे ठिकाण मी पहिल्यांदाच पाहत होतो.

जाड खुणेला वेगळा प्रकाश का लागतो, हे त्यांनी मला कागदावर आकृती काढून समजावले. या सगळ्या उपचाराचा पाया १९८३ साली रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोन अमेरिकी डॉक्टरांनी मांडलेल्या तत्त्वावर उभा आहे. प्रकाशाची तरंगलांबी अशी निवडायची की ती नेमक्या लक्ष्यानेच शोषून घ्यावी, आणि पल्स एवढा छोटा ठेवायचा की लक्ष्यातली उष्णता आजूबाजूला पसरण्याच्या आत काम संपावे. येथे लक्ष्य म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिन. ते तापते, ती उष्णता वाहिनीच्या भिंतीला पोचते, भिंत भाजून बंद होते, आणि पुढच्या काही आठवड्यांत शरीर तो मृत भाग उचलून नेते. डाय लेझर आरंभी ५७७ नॅनोमीटरचे होते, मग ५८५ आणि आता बहुतेक ठिकाणी ५९५ आहे. सपाट, लालसर खुणेसाठी, विशेषतः लहान मुलांसाठी, आजही पहिली निवड तीच. पण त्या पिवळ्या प्रकाशाचा प्रभाव त्वचेत जेमतेम एक-दीड मिलिमीटरपर्यंत राहतो. माझ्या गालातल्या रुंद वाहिन्या त्याहून खाली पसरलेल्या होत्या. वरच्या थरातले रक्तच सारा प्रकाश पिऊन टाकते आणि खालच्या वाहिन्या सावलीत राहतात, असे डॉक्टर म्हणाले, आणि ती सावलीची उपमा माझ्या मनात पक्की बसली.

म्हणून माझ्यासाठी ७५५ नॅनोमीटरचा ॲलेक्झांड्राइट लेझर मुख्य ठरला. तो अधिक खोल जातो, आणि ऑक्सिजन कमी असलेल्या, निळसर-जांभळ्या रक्तात चांगला शोषला जातो. जाड खुणेतले साचून राहिलेले रक्त असेच असते. वरच्या लालसर थरासाठी मधूनमधून डाय लेझर, आणि एका हट्टी गाठीसाठी अगदी मोजक्या पल्समध्ये एनडी-याग, अशी आखणी होती. याची दुसरी बाजू अशी की ७५५ चा प्रकाश त्वचेच्या रंगद्रव्यालाही, म्हणजे मेलॅनिनलाही, लागू पडतो. माझी त्वचा गव्हाळ आहे. गडद त्वचेत वरचा थर भाजण्याची, नंतर काळे किंवा पांढरे डाग पडण्याची शक्यता अधिक असते, म्हणून पल्स लांब ठेवणे, थंडावा भरपूर देणे आणि मात्रा कमीपासून सुरू करणे याला पर्याय नाही. हाच लेझर केस काढण्यासाठीही वापरतात, तेव्हा दाढीच्या जागेवर केस विरळ होणार, हेही त्यांनी आधी लिहून दिले. तसे ते झाले आहेत. पुरुषांनी आणि भुवईजवळ खूण असणाऱ्या सर्वांनी हे लक्षात ठेवूनच होकार द्यावा.

टेस्ट पॅचसाठी जबड्याखालची जागा निवडली. तीन वेगवेगळ्या मात्रांचे तीन गोल, प्रत्येकाचा फोटो, आणि त्यानंतर सहा आठवडे काहीही नाही. त्या सहा आठवड्यांत मी अधीर झालो होतो. पण तिसऱ्या गोलाची खपली पंधरा दिवस टिकली आणि खाली तपकिरी छटा राहिली, तर मधला गोल नेमका सपाट होऊन फिकट झाला, हे डोळ्यांनी पाहिल्यावर त्या थांबण्याची किंमत कळली. पुढच्या सर्व सिटिंगचा हिशोब त्या मधल्या गोलावरून बांधला गेला.

एका सिटिंगचे वर्णन करतो. आदल्या संध्याकाळी दाढी करून यायचे, कारण त्वचेवरचे खुंट प्रकाश शोषून जळतात आणि भाजतात. तासभर आधी बधिर करणारे मलम लावतात आणि सुरू करण्यापूर्वी ते पूर्ण पुसून त्वचा कोरडी करतात. रुग्णाच्या डोळ्यांवर धातूच्या घट्ट वाट्या बसवतात. खोलीतल्या इतर सगळ्यांना त्या त्या तरंगलांबीचेच गॉगल लागतात, आणि यंत्र बदलले की गॉगलही बदलतात. ही शिस्त एकदाही चुकलेली मी पाहिली नाही. हँडपीस, म्हणजे यंत्राचा हातात धरायचा भाग, गालाला टेकला की आधी फस्स असा बारीक आवाज होतो आणि बर्फासारखा गार फवारा त्वचेवर बसतो. तो वरच्या थराचे रक्षण करतो आणि त्याच्या पाठोपाठ, क्षणाच्या अंशात, लेझर पडतो. डाय लेझरचा फटका ताणून सोडलेल्या रबरबँडसारखा वरवर लागतो. ॲलेक्झांड्राइटचा फटका त्याहून आत जातो, जणू तापलेली सुई दाताच्या मुळापर्यंत पोचावी. ओठावर तर डोळ्यांतून पाणी येते. मलमाने ते पूर्ण थांबत नाही, आणि ‘काहीच दुखत नाही’ असे जे कोणी सांगतात त्यांनी ते जाड खुणेवर घेतलेले नसावे.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते डॉक्टरांचे थांबणे. पहिले दोन-तीन पल्स दिल्यावर ते हँडपीस बाजूला ठेवून काही मिनिटे केवळ पाहत बसत. त्वचेवर आधी राखी-निळसर छटा येते, ती काही क्षणांत विरते आणि तिच्या जागी टिकाऊ जांभळा रंग उमटला तर मात्रा बरोबर. पांढरट-राखी रंग तसाच राहिला तर मात्रा जास्त, आणि काहीच उमटले नाही तर कमी. गोलावर गोल चढू नये म्हणून दोन पल्समध्ये बारीकशी जागा सोडलेली असे. शेवटच्या सिटिंगला ८४ पल्स झाले आणि शेजारी बसलेली परिचारिका जागा, मात्रा, गोलाचा व्यास व पल्सची लांबी फाइलमध्ये लिहीत होती. दोन वर्षांनी कोणत्या जागेला काय मानवले हे त्या फाइलमुळे सांगता येते. पूर्वीच्या दोन्ही ठिकाणांहून मला असा एकही कागद मिळाला नव्हता.

त्यानंतरचे दोन आठवडे सोपे नसतात, हे कामाच्या ठिकाणी आधी सांगून ठेवावे. पहिल्या रात्री गाल एवढा सुजतो की त्या बाजूचा डोळा अर्धा मिटतो. डोके उंचावर ठेवून झोपावे लागते आणि कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटे धरावा लागतो. ओठावर काम झाले असेल तर दोन दिवस बोलणेही अवघड होते. तिसऱ्या दिवशी सूज उतरू लागते, पण जांभळे-काळे गोल दहा ते चौदा दिवस राहतात. काही गोलांवर खपली धरते. ती ओढायची नाही, व्हॅसलिनने ओली ठेवायची, आणि पडेपर्यंत दाढी करायची नाही. खपली गेल्यावर नवी त्वचा उन्हाला फार हळवी असते. चौथ्या सिटिंगनंतर मी आठवडाभर सनस्क्रीनची हयगय केली आणि गालफडावर तपकिरी पट्टा उमटला. तो जायला पाच महिने लागले आणि तेवढा काळ त्या भागावर लेझर देता आला नाही. ती चूक सर्वस्वी माझी होती. दोन सिटिंगमध्ये माझ्याकडे किमान आठ आठवड्यांचे अंतर ठेवले गेले, कारण जाडी उतरण्याचे खरे काम पहिल्या महिन्यानंतर चालते. तीन आठवड्यांनी आरशात पाहून ‘काहीच फरक नाही’ असे मला प्रत्येक वेळी वाटले, आणि सातव्या-आठव्या आठवड्यात बोटाला तो फरक लागला.

आता निष्पन्न काय झाले ते. नाकपुडीशेजारच्या दोन गाठींपैकी एक तिसऱ्या सिटिंगनंतर बसली. दुसरी एनडी-यागच्या मोजक्या पल्सना प्रतिसाद देऊन निम्मी झाली आणि उरलेली बधिर करून खरवडून काढली. गालावरचे बारीक उंचवटे जवळजवळ सपाट झाले आहेत. डोळे मिटून बोट फिरवले तर दोन्ही गालांतला फरक आता सहज सांगता येत नाही. मागच्या वर्षभरात दाढी करताना एकदाही रक्त आलेले नाही. रंग जांभळट होता तो गुलाबी-लाल झाला आहे, म्हणजे माझ्या शाळेतल्या फोटोच्या जवळ आला आहे, त्याहून पुढे नाही. दोन ठिकाणी गोल-गोल ठिपक्यांची नक्षी राहिली आहे, जेथे पल्स पडला तेथे फिकट आणि मधल्या जागेत लाल. ती डाय लेझरच्या दोन सिटिंगने पुसट झाली, गेली नाही. जुन्या वणाला अर्थातच काही फरक पडलेला नाही.

ओठाच्या बाबतीत मात्र मी निराश आहे. त्याची जाडी फार तर थोडी उतरली. ओठातली वाढ केवळ रक्तवाहिन्यांची नसते, आतले मांस आणि भोवतालचे ऊतकही वाढलेले असते, त्यामुळे प्रकाशाने वाहिन्या बंद झाल्या तरी तो बोजा तसाच राहतो. त्यासाठी शस्त्रक्रिया करून जादा भाग काढणे हाच मार्ग आहे, असे आता सांगितले गेले आहे. हे पाचव्या सिटिंगनंतर सांगण्याऐवजी पहिल्या भेटीत सांगितले असते तर ओठावरची तीन वेदनादायक सिटिंग वाचली असती. एरवी एवढ्या स्पष्ट बोलणाऱ्या डॉक्टरांकडून ही एक गोष्ट मोघम राहिली, आणि तिची मला खंत आहे.

सेवेबद्दल आणखी दोन तक्रारी आहेत. फोटो दर वेळी एकाच प्रकाशात आणि एकाच अंतरावरून घेतले जात नव्हते. रंगाचा उपचार करणाऱ्या ठिकाणी ही ढिलाई शोभत नाही, आणि मला स्वतः खिडकीच्या एकाच कोपऱ्यात उभे राहून घरी फोटो काढून ठेवावे लागले. दुसरे असे की, सहाव्या सिटिंगला नेहमीचे डॉक्टर नव्हते आणि हे मला मलम लावून झाल्यावर कळले. बदली डॉक्टरांनी फाइल पाहून, सावधपणे, कमी मात्रेत काम केले, नुकसान काही झाले नाही, पण ते सिटिंग जवळपास वायाच गेले. हा उपचार यंत्रापेक्षा नजरेचा आहे. नजर बदलणार असेल तर रुग्णाला आधी विचारले पाहिजे.

ज्यांच्या घरात अशी खूण घेऊन आलेले बाळ आहे, त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, मी घेतला त्या उपचाराची वेळ त्या मुलावर येऊ देऊ नका. तान्ह्या वयात त्वचा पातळ असते, वाहिन्या बारीक आणि वर असतात, खुणेचे क्षेत्रही लहान असते, आणि साध्या डाय लेझरला तेव्हा सर्वांत चांगला प्रतिसाद मिळतो. भूल द्यावी की न द्यावी, किती वेळा द्यावी, हे प्रश्न लहान बाळांच्या बाबतीत खरे आहेत आणि ते डॉक्टरांशी सविस्तर बोलून सोडवावे लागतात. पण ‘मोठे झाल्यावर स्वतः ठरवेल’ म्हणून थांबण्यात जे हातचे जाते ते पुढे भरून येत नाही. मोठ्या वयात, जाडी आल्यावर जाणाऱ्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात. डाय लेझरखेरीज कोणते यंत्र येथे आहे आणि जाड खुणेवर ते स्वतः तुम्ही किती वेळा वापरले आहे. टेस्ट पॅच घेणार का आणि त्यानंतर किती आठवडे थांबणार. आणि माझ्या खुणेतला कोणता भाग लेझरने सुधारणार नाही. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर न देणाऱ्या ठिकाणी मी आता पुन्हा जाणार नाही. रक्त पातळ करणाऱ्या किंवा मुरुमांसाठीच्या गोळ्या चालू असतील तर त्याही आधीच सांगाव्यात, आणि अचानक वाढलेली किंवा रक्ताळलेली गाठ तपासल्याशिवाय तिच्यावर लेझर घेऊ नये.

पुढचे सिटिंग वर्षानंतर आहे, तेही केवळ डाय लेझरचे, परतणारा रंग रोखण्यासाठी. ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी मी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेत आहे. त्यांच्याकडे जाताना फाइलमधल्या सगळ्या नोंदींची प्रत आणि खिडकीच्या कोपऱ्यातले माझे फोटो बरोबर नेणार आहे.